'फिट' म्हणणारा मागे बसतो

आमची पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात होती. मी सिग्नल रेजिमेंटमध्ये डिस्पॅच रायडर होतो, म्हणजे डीआर. जे वायरलेसवर बोलता येत नाही ते बॅगेत घालायचं आणि मोटारसायकलवरून पुढच्या ठाण्यावर पोचवायचं, एवढंच काम. रस्त्याच्या एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी.

दिवस फर्स्ट परेडने सुरू व्हायचा. फर्स्ट परेड म्हणजे गाडी बाहेर काढण्याआधीची तपासणी. आमच्या सेक्शनमध्ये आपली गाडी आपण तपासायची नाही, जोडीदाराने तपासायची, अशी रीत होती. हवालदारसाहेब म्हणायचे, "अपनी गाडी सबको ठीक लगती है. इसलिए दूसरा देखेगा." आणि ज्याने 'फिट' म्हटलं, त्यानेच मागच्या सीटवर बसून गाड्यांच्या लाइनपासून युनिटच्या गेटपर्यंत जायचं. वाट चढाची होती आणि मध्ये एक वाईट वळण होतं. 'फिट' हा शब्द तिथे तोंडातून सहज निघत नसे.

ही रीत कुठल्याही नियमात लिहिलेली नव्हती. लिहायला हवी होती, आणि फक्त फौजेसाठी नाही. पूल चांगला आहे म्हणून ज्याने सही केली, त्याची पोरं त्याच पुलावरून शाळेत गेली पाहिजेत. मग बघू किती सह्या होतात.

माझा जोडीदार लान्स नायक भूषण. तो शिंदखेडा तालुक्यातला, मी धुळ्यात देवपूरचा. त्याच्याशी अहिराणी बोलता यायची, म्हणून पहिल्या दिवसापासून जमलं. त्याच रस्त्यावर ड्यूटीवर असताना भूषण गेला. त्याच्या घरी खबर पोचली तेव्हा गावापर्यंत दोनच शब्द आले: मोटारसायकलचा अपघात. पुढे गुडघ्यामुळे मेडिकल बोर्डाने मलाही घरी पाठवलं.

सांगतोय ती गोष्ट त्यानंतरची आहे, जळगावची.

भूषणच्या वडिलांना आम्ही सगळे आबा म्हणतो. एका सकाळी त्यांचा फोन आला.

"संदीप, भूषणनी गाडी सापडनी. जळगावले शे. तू ये, देखी ले."

भूषणची गाडी म्हणजे भरती होण्याआधी तो चालवायचा ती. तो गेल्यावर आबांना दोन चाकांचं काहीच डोळ्यांसमोर नको होतं. दारात पहिलं जे गिऱ्हाईक आलं त्याला त्यांनी ती देऊन टाकली आणि नंतर मनात कुढत राहिले. आता ती दोन-तीन हात फिरून जळगावात जुन्या गाड्यांच्या दुकानात उभी होती. भूषणची बहीण सरिता नुकतीच आरोग्य सेविका झाली होती. राहणं पाचोऱ्यात, उपकेंद्र आडवळणाच्या गावात. रोज जायला-यायला गाडी हवीच होती. भावाची गाडी बहिणीने चालवावी, आबांचं ठरलं होतं. माझ्याकडून त्यांना फक्त एक शब्द हवा होता.

आबा, सरिता आणि मी दुकानात गेलो. दुकानदार तोंडाने गोड होता.

"या साहेब, या आबा. जळगावात सोनं आणि गाडी, दोन्हीत खोट सापडायची नाही."

"सोनंसुद्धा घासून बघतात, शेठ," सरिता म्हणाली. "हिलाही घासू द्या."

आबा थेट गाडीपाशी गेले आणि टाकीवर हात ठेवून उभे राहिले. झाकणाजवळ भूषणने कधीतरी खिळ्याने कोरलेला 'भू' नव्या रंगाखालूनही दिसत होता. गाडी तीच होती, यात शंका नव्हती.

मी इंजिनला हात लावला.

"शेठ, आज हिला कोणी फिरवलं का?"

"नाही हो. सकाळपासून जागची हलली नाही."

"मग इंजिन गरम कसं?"

"ऊन बघा ना साहेब कसलं पडलंय."

गाडी शेडमध्ये सावलीत होती. सरिता तोंडावर ओढणी धरून हसली. थंड गाडी सुरू व्हायला त्रास देत असली, की विकणारा ती गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवतो. मी इंजिन थंड होऊ द्यायचं ठरवलं आणि तोवर बाकीची गाडी बघायला घेतली.

साडी गार्ड गायब होतं. चेनकव्हरला दोन बोल्ट कमी. मागच्या ॲक्सलच्या नटाला तो सुटू न देणारी स्प्लिट पिन नव्हती, तिच्या जागी तारेचा तुकडा पिळून घातला होता. डावा फूटरेस्ट नवा, उजवा जुना. प्रत्येक गोष्ट मी मोठ्याने सांगत होतो आणि प्रत्येक वेळी आबा म्हणत होते, "व्हई जाई. हाई बठ्ठं नवं बसी जाई."

तोवर ते खरंही होतं. जे दिसतं ते बसवता येतं.

मग मी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. मध्ये ते अडकलं. दोन्ही चाकांना लागून सुतळी ताणली. पुढचं चाक रेषेत येईना. नवा फूटरेस्ट, अडकणारं हँडल आणि ही सुतळी, तिन्ही मिळून एकच गोष्ट सांगत होत्या. मी सीट आणि टाकी काढायला सांगितली.

"टाकी कशाला साहेब?" दुकानदार म्हणाला. "एवढं तर नवरी बघतानासुद्धा कोणी बघत नाही."

"नवरीवर बसून पाचोऱ्याला जायचं नसतं."

टाकी निघाली. हँडलच्या मागे, जिथे चेसिसची मान असते, तिथला काळा रंग बाकीच्या रंगापेक्षा ताजा होता. किल्लीने खरवडला. खाली वेल्डिंगचा जाड, वेडावाकडा सांधा होता. गाडी कुठेतरी समोरून जोरात धडकली होती. मान तुटली होती आणि जोडून वर रंग मारला होता. असा सांधा महिना टिकेल, वर्षही टिकेल. ज्या खड्ड्यात सुटेल, तिथे पुढचं चाक एकीकडे आणि माणूस दुसरीकडे.

"मी तर अशीच घेतली होती," दुकानदार खालच्या आवाजात म्हणाला. "आईशप्पथ, टाकी खोलली नव्हती."

"घेताना माहीत नव्हतं, मान्य. आता माहीत झालं. आता विकली तर जबाबदारी तुमची."

मोडकी गाडी विकणं गुन्हा नाही. मोड रंगाखाली दडवून विकणं म्हणजे न बघितलेल्या माणसाच्या जिवावर उठणं. हे मी दुकानदाराला ऐकवलं. आबांना मात्र काही ऐकवता येईना. त्यांनी तो सांधा पाहिला होता. तरी हात काढून ठेवलेल्या टाकीवरच होता.

"संदीप," ते म्हणाले, "भूषण सुट्टीवर येस तवय सांगे. फिट म्हननारा मांगे बसस. तू फकत फिट म्हन. मांगे मी बसस."

सरिता माझ्याकडे बघत होती.

"आबा, मागे तुम्ही एकदा बसाल," मी म्हणालो. "पुढे ती रोज बसेल. गाडी अनफिट आहे."

आबांनी हात काढला आणि ते दुकानाबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. (सरिताने पुढे पाचोऱ्यातच दुसरी गाडी घेतली. तीही मीच तपासली आणि मागच्या सीटवर बसलो.)

धुळ्याच्या बसला वेळ होता. स्टँडसमोर आम्ही तिघं चहाला बसलो. आबा बराच वेळ ग्लास फिरवत राहिले.

"त्या दिन भूषणनी गाडी कोनी तपासेल व्हती?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता.

"मी, आबा."

"काय म्हनेल व्हता?"

"फिट. गेटपर्यंत मागे बसलो होतो."

"मंग?"

मी जसं घडलं तसं सांगितलं. भूषण गेटमधून गेला, मी पायी परत आलो. ठरल्या वेळेला आमच्या कंट्रोल रूमने वायरलेसवर पुढच्या ठाण्याला विचारलं, "डीआर पहुंचा? ओव्हर." उत्तर आलं, "नेगेटिव्ह. ओव्हर." थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. आम्ही निघालो. कड्यावरून दरड आली होती. भूषण तिच्याखाली होता. बॅग पाठीलाच होती. गाडी वर काढल्यावर मी स्वतः पाहिली. ब्रेक, चाकं, मान. दगडांनी मोडलं ते सोडून तिच्यात काही खोट नव्हती.

आबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "मी आजलोंग समजत व्हतू, मना पोऱ्याले कोनी बिगडेल गाडी दिन्ही." मग माझ्याकडे वळले. "पन आज तू मना तोंडवर अनफिट सांगं. मंग त्या दिन ती फिटच व्हई."

सरिताने चहा तसाच खाली ठेवला. "संदीपदादा, गेटवर दादा काही बोलला होता का?"

बोलला होता. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही असं वाटायचं. चढावर दोघांच्या वजनाने गाडीला दम लागला होता आणि भूषण मागे वळून ओरडला होता:

"उतर आते! तुनामुये गाडी चढस नही!"

आबा हसले. हसता हसता चहा सांडला, तो त्यांनी टोपीने पुसला आणि टोपी हातातच धरून ठेवली.

"आखो एकदाव सांग," ते म्हणाले. "जसा तो म्हने, तसाच सांग."

मी सांगितलं.