सातएके गुरुजी

गुरुजी मारताना मोजायचे आणि मोजण्यात कधी चुकायचे नाहीत. छड्या तीन, पाच किंवा सात. चार किंवा सहा कधीच नाही. "चार दोघांत वाटून घेता येतात," ते म्हणत, "पाच ज्याच्या त्यालाच खाव्या लागतात." आमच्या मुरबाडकडच्या शाळेत मूळ संख्या म्हणजे काय, हे पोरांना फळ्याच्या आधी तळहातावर कळे.

गाव त्यांना सातएके गुरुजी म्हणे. सात वेळा एक लिहिला की होतात अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. ही संख्या एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भागली जात नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. "हा कुणाला वाटा देणार नाही," ते म्हणायचे. बायको गेलेली, मूलबाळ नाही. पेन्शनीत निघण्यापूर्वी हे सिद्ध करायचं, एवढी एकच हाव उरली होती. भाग जायचाच असेल तर हजाराच्या थोड्या पुढपर्यंतच्या एखाद्या मूळ संख्येने जातोच, म्हणून तेवढ्या संख्या त्यांनी वर्गाला तोंडी सांगितल्या आणि एका पोराने त्या वहीत उतरवल्या. मधल्या सुट्टीत ते एकेक संख्या घेऊन पाटीवर तीन-तीनदा भाग लावत. बाकी उरली की वहीत खूण, आणि पाटी साफ. लढाईच्या दिवसांत कागद कुठून आणणार?

एकोणचाळीस म्हटलं की एकोणपन्नास लिहायचं, ही आमच्याकडच्या पोरांची जुनी खोड. 'चाळीस' कानावर पडतं आणि हात आधी चार काढतो. माझी धाकटी बहीण सोनू असंच चुकली. गुरुजींनी तिला सात छड्या मारल्या, आणि ती पाटी गळ्यात बांधून तिला गावातून फिरवलं. ती पुन्हा शाळेत आली नाही. मी मात्र शिकलो आणि त्यांच्याच हाताखाली मास्तर होऊन आलो. मनातून काही गेलं नव्हतं.

एकदा ती वही चाळताना दिसलं, दोनशे एकोणचाळीसच्या जागी २४९ लिहिलंय. उतरवणाऱ्या पोराने तीच चूक केली होती, आणि अधू डोळ्यांच्या गुरुजींनी वहीत दिसलं त्यानेच भागलं होतं. घरी जाऊन मी २३९ने भाग लावला. बाकी शून्य आली. दुसऱ्या दिवशी मी कुणाला काही बोललो नाही.

पुढे दोन वर्षं म्हातारा भागत राहिला. मी समोर बसून भाकरी खायचो, पाटी भरली की पुसायला फडकं द्यायचो. खोटं कशाला सांगू, मजा यायची.

निरोपाच्या दिवशी, गळ्यात हार असताना, त्यांनी जाहीर केलं की शेवटच्या संख्येपर्यंत तपासून झालं, सातएका अभंग आहे. मी उठलो आणि फळ्यावर २३९ने भागून दाखवलं. चार पायऱ्यांत भाग गेला. लोक हसले. गुरुजींनी फळ्याला डोळे लावून सगळं पुन्हा तपासलं, आणि त्यांचा चेहरा चक्क उजळला.

"वा! कधी सापडलं तुला?"

"दोन वर्षं झाली," मी म्हणालो.

त्यांनी हार काढून टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी ते शहापूरला पुतण्याकडे गेले, ते गेलेच.

मी धसईला सोनूच्या सासरी गेलो. ती तांदूळ पाखडत होती. ऐकून खूश होईल, असं मला वाटलं होतं. सगळं ऐकल्यावर तिने एवढंच विचारलं, "दोन वर्सां तू त्यांच्या पुढ्यात बसून बघत व्हतास?"

मी हो म्हणालो. ती सूप उचलून आत गेली. ऐन दुपार होती, पण जेवून जा असं ती म्हणाली नाही.