कान नसलेला बैल

दुसऱ्या आज्ञेचं रक्षण वाशीम गावात एकट्या माझ्याकडे होतं. कोरीव मूर्ती करू नकोस, तिच्यापुढे वाकू नकोस, हे इस्राएलाच्या लेकरांना शिकवायचं काम मी दोन वर्षं केलं. गावात इस्राएलांची, म्हणजे आम्हा यहुद्यांची, घरं तीन होती आणि लेकरं चार. मी स्टेशनावर तारबाबू होतो, पुस्तकं वाचायचो, म्हणून श्रद्धाही असेल असं सगळे धरून चालले. तो गैरसमज मी दूर केला नाही, कारण शनिवारी वर्गानंतर बहीण जेवण चांगलं द्यायची.

चौघांत मोठी माझी भाची, आठ वर्षांची. पोळ्याच्या आदल्या दिवशी ती मातीचा एक बैल घेऊन आली. जोडीतला दुसरा भाजताना फुटला, म्हणून कुंभारणीनं उरलेला तिला देऊन टाकला होता. बहीण म्हणाली, असली वस्तू आपल्या घरात नको. भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी मास्तर होतो, निकाल मला द्यावाच लागणार होता. ज्याच्यापुढे हात जोडतात ती मूर्ती आणि ज्याला दोरी बांधून ओढतात ते खेळणं, असं मी सांगितलं. निकाल मलाच इतका आवडला की तो मी दोनदा सांगितला. भाचीनं लगेच दोरी बांधली.

पोळ्याला समोरच्या काकू आरतीचं ताट घेऊन निघाल्या. आम्ही मुसलमान नाही आणि ख्रिस्तीही नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यापुढे त्यांनी चौकशी केली नव्हती. आधी त्यांनी आपल्या खऱ्या बैलांना ओवाळलं, मग गल्लीतल्या पोरांच्या मातीच्या बैलांना. आमच्या ओट्यावरचा एकटा बैल पाहून त्यांना वाईट वाटलं असावं. त्यालाही कुंकू लावलं, हात जोडले आणि पुरणपोळीचा तुकडा ठेवून गेल्या.

भाची माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "मामा, आता हा देव झाला का? म्या तर त्याले हात नाही जोडले."

माझ्या निकालात या प्रसंगाची सोय नव्हती. बहिणीनं बैल उचलला आणि विहिरीत टाकायला निघाली. भाची रडली नाही. तिनं दोरी धरून ठेवली. दोन दिवसांनी अकोल्याहून हज्जानसाहेब, म्हणजे आमची प्रार्थना चालवणारे, मुलांची परीक्षा घ्यायला येणार होते. तोवर बैल न्हाणीत ठेवायचा असं ठरलं.

हज्जानसाहेब आले. काळा कोट, काळी टोपी, आणि पाणी मागतानाही शिक्षा सुनावल्यासारखा आवाज. सगळं ऐकून त्यांनी बराच वेळ डोळे मिटले. मग म्हणाले, शास्त्रात वाट आहे. ज्यानं पूजा केली त्यानंच आपल्या हातानं मूर्तीचा कान तोडला, की तिचं देवपण संपतं. ते आपल्याला करता येत नाही. पूजणाऱ्यानंच करायला हवं.

काकूंना हे समजावून सांगायचं काम अर्थातच मास्तरांकडे आलं. शेजारणीला तिचा देव मोडायला सांगायचं कसं, याची मी रस्ता ओलांडेपर्यंत चार वाक्यं जुळवली. काकू शेंगा निवडत होत्या. त्यांनी पहिलंच वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"पोया सरला, मास्तर. आता त्याच्यात कायचा देव? माती हाय ते."

त्या पदराला हात पुसत आल्या. हज्जानसाहेब उभे राहिले, भाचीही न्हाणीतला बैल घेऊन उभी राहिली. काकूंनी अंगठ्यानं बैलाचा डावा कान कट्‌कन मोडला आणि हज्जानसाहेबांपुढे धरला.

"हा ठेवाचा का फेकाचा?"

शास्त्रात तेवढं नसावं. हज्जानसाहेबांनी पुन्हा डोळे मिटले. काकूंनी कान अंगणात टाकला आणि शेंगा निवडायला परत गेल्या.

परीक्षेत भाचीनं दुसरी आज्ञा न अडखळता म्हणून दाखवली. हज्जानसाहेबांनी तिची पाठ थोपटली आणि माझीही. बैल न्हाणीतून खिडकीत आला.

दिवाळीपर्यंत भाची सकाळ-संध्याकाळ त्याच्यापुढे कडबा ठेवत असे. एकदा काकूंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, आमच्या गोठ्यातल्यायले बी इतक्या टायमावर भेटत नाही.

कडबा त्यांच्याच गोठ्यातला होता.