हरल्यावरचं भडंग

मी कोल्हापूर सोडलं त्या दिवशी आमच्या तालमीची मॅच होती. अंगावरची हळद अजून उतरली नव्हती. आमचे हे रजा संपली म्हणून पिंपरीला पुढं निघून गेले होते आणि मला पोचवायला मामा यायचे होते. एसटी स्टँडवर ट्रंक, वळकटी, चटणीची बरणी, आई, मामा, सगळं वेळेवर हजर. आबांचा तेवढा पत्ता नव्हता. लेक सासरी निघाली आणि बाप मैदानात जाऊन बसलाय, म्हणून आईचं तोंड मघापासून चालूच होतं. ड्रायव्हर वर चढला तेव्हा कुठं आबा सायकल दामटत आले. धोतराला मैदानाची माती आणि टोपी हातात. टोपी हातात म्हणजे हरलो, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

शेवटच्या मिनिटाला गोल बसला, एवढंच ते म्हणाले आणि खिडकीतून एक कागदाची पुडी माझ्या हातात दिली. पुडीत भडंग होतं. आमच्या घरात तशी रीतच होती. जिंकल्यावर काही खायचं नाही, जिंकल्यावर पोट आपोआप भरतं, असं आबांचं म्हणणं. हरल्यावर मात्र जाळ तिखट भडंग खायचं, म्हणजे डोळ्यांतून पाणी आलं तरी कुणी कारण विचारत नाही. त्या दिवशी खिडकीच्या आत मी आणि बाहेर आबा, दोघांनी बकाणे भरले आणि मनसोक्त रडून घेतलं. त्यातलं मॅचसाठी किती आणि सासरसाठी किती, ते मला आजही सांगता यायचं नाही. एसटी हलली तसे आबा खिडकी धरून चार पावलं चालत आले.

"आडनाव बदललं तर बदलू दे," ते म्हणाले. "टीम बदलायची न्हाई."

"न्हाई बदलत," मी म्हटलं. "येतो आबा."

येतो. आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. लिहिताना मी 'आले, गेले' लिहिते, ते शाळेतल्या बाईंनी छड्या मारून शिकवलं म्हणून. जिभेला कुणी छड्या मारल्या नाहीत.

बाहेरच्यांना थोडं सांगायला हवं. कोल्हापुरात तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा खराच, पण प्रत्येक तालमीची फुटबॉलची टीमही असते आणि पेठेची सगळी अब्रू त्या टीमच्या पायात असते. आबांचं सायकलचं दुकान होतं. तालमीचा बॉल पंक्चर झाला की त्याच दुकानात यायचा. तेव्हा चामड्याच्या बॉलच्या आत रबरी ब्लॅडर असे आणि वरून बुटासारखी नाडी. नाडी सोडायची, ब्लॅडर बाहेर काढून बादलीत बुडवायचा, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, तिथं घासून सोल्यूशन लावायचं, जुन्या ट्यूबचा तुकडा दाबून बसवायचा. हे मी परकर-पोलक्यात असताना शिकले. मॅचला आबा मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. मैदानाच्या पायऱ्यांवर बायका फारशा नसायच्या. पण मी मोठी झालेय हे आबांच्या ध्यानातच आलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही.

असली मी पिंपरीत येऊन पडले. चाळीत दोन खोल्या, पुढं माळ आणि माळाच्या पलीकडं कंपनीचा भोंगा. भोंग्यावर सगळ्यांचं आयुष्य चालायचं. फर्स्ट शिफ्टवाल्यांच्या घरी पहाटे स्टोव्ह पेटायचा, थर्ड शिफ्टवाल्यांच्या दारात दुपारी पोरांना ओरडू द्यायचं नाही. चाळीत लातूरकडचे होते, कोकणातले होते, केरळातून आलेला कुरियन नावाचा फिटर शेजारीच होता. कुणाचं बोलणं कुणाला धड कळत नव्हतं, पण डाळीची वाटी मात्र या दारातून त्या दारात बरोबर पोचायची. मला तिथं खायला होतं, प्यायला होतं, नवरा देवमाणूस होता. फक्त रविवार आला की पायाखालची जमीन गेल्यासारखं व्हायचं. कोल्हापुरात आत्ता मैदान भरलं असेल, असं मनात यायचं आणि मी उगाच भांडी घासत बसायचे.

मग एका सकाळी माळावर बॉल दिसला. सेकंड शिफ्टची पोरं दुपारपर्यंत मोकळी असायची, ती खेळत होती. खेळ कसला, नुसती धावाधाव. तेवढ्यात बॉल बाभळीच्या काट्यात गेला आणि फुस्स. सगळे गडी मेलेल्या जनावराभोवती उभं राहावं तसे त्याच्याभोवती उभे राहिले. रोज कंपनीत लोखंडाला आकार देणारी माणसं, पण नाडी सोडून आत बघावं हे एकाला सुचेना. मला राहवलं नाही. नवी नवरी, डोक्यावर पदर, तशीच माळावर गेले आणि म्हटलं, "आणा हिकडं, मी काढतो पंक्चर."

मग कुरियननं, त्याचं मराठी तेव्हा जेमतेम होतं, अगदी गंभीरपणे विचारलं, "वहिनी, काढतो की काढते?"

मी म्हटलं, आधी निघू तर दे, मग ठरवू. निघालं. त्या दिवसापासून त्या टीमचा बॉल माझ्या घरी मुक्कामाला आला तो आलाच.

टीमचं नाव सेकंड शिफ्ट. गोलात कुरियन, हातात कंपनीचे सुती हातमोजे. आमच्या ह्यांचं घराणं साताऱ्याकडचं, कुस्तीचं. पण बायको माळावर उभी राहून ओरडते म्हटल्यावर तेही लाइनवर झेंडा घेऊन उभे राहायला लागले. झेंडा म्हणजे मशीन पुसायच्या चिंधीचा. ऑफसाइड म्हणजे काय ते त्यांना कधीच कळलं नाही, तरी झेंडा बेधडक वर जायचा. आजूबाजूच्या कंपन्यांच्या टीमबरोबर मॅच व्हायच्या आणि हरायचा तर आमच्या पोरांना नादच होता. हरून आली की आमच्या दारापुढं जमिनीवर बसायची. मग मी आईच्या चटणीची बरणी काढायचे, चुरमुरे, शेंगदाणे, भरपूर लसूण, आणि परातभर भडंग करायचे. कुरियन दारातूनच सांगायचा, आज थोडं हरलोय, बेताचं तिखट चालेल. किंवा, आज फार वाईट हरलोय वहिनी, हात सैल सोडा. नाकं पुसत पुसत सगळे खायचे आणि परात चाटूनपुसून स्वच्छ व्हायची.

पण एक होतं. मी त्यांना कायम 'तुम्ही' म्हणायचे. तुम्ही बरे खेळलात, तुम्ही उगाच हरलात. 'आपण' म्हणून जो शब्द आहे तो मी पेठेत ठेवून आले होते. कुणी विचारलंच तर सांगायचे, माझी टीम कोल्हापूरला आहे, ही आपली करमणूक. कुरियन एकदा हसत म्हणाला होता, आमच्या भाषेतपण 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं असतं वहिनी, मला समजतं. हसत म्हणाला, पण लागलं होतं त्याला. मला ते दिसत होतं, तरी मी शब्द बदलला नाही. आबांना तसा शब्द दिला होता ना.

अशी काही वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात कोल्हापूरच्या स्पर्धेत बाहेरगावची एक टीम आयत्या वेळी येईना. आबांनी निरोप धाडला, तुझी ती पंक्चरवाली पोरं घेऊन ये, जागा भरायची आहे. पोरांनी रजा कशा काढल्या ते त्यांनाच माहीत. एकाच्या आजीला तर त्यासाठी दुसऱ्यांदा मरावं लागलं. सगळे एसटीनं निघालो. पहिली मॅच हरून परत यायचं म्हणून मी चुरमुरेसुद्धा बरोबर घेतले होते. आणि पोरांनी पहिली मॅच जिंकली. जिंकल्यावर काय करतात तेच त्यांना माहीत नव्हतं, नुसते एकमेकांकडं बघत उभे. दुसरी मॅच आमच्या तालमीशी पडली.

पेठेतल्या मैत्रिणींनो, तुम्ही त्या दिवशी मला किती छळलंत ते आठवा. कुणाच्या बाजूनं गं, सासर की माहेर? मी ठणकावून सांगितलं, हा काय प्रश्न झाला, आपली पेठ ती आपली पेठ. आणि आबांच्या शेजारी, लहानपणी बसायचे त्याच पायरीवर जाऊन बसले. पण खेळ सुरू झाला आणि माझं काहीतरी बिनसलं. पेठेची पोरं बॉल घेऊन पुढं आली की माझ्या तोंडून आवाजच निघेना. कुरियननं पहिला बॉल अडवला तेव्हा मी श्वास सोडला आणि तेव्हा कळलं की तो मी धरून ठेवला होता. आबा तिरक्या नजरेनं बघत होते. अर्धी मॅच झाली, गोल नाही. शेवट आला, तरी गोल नाही. मैदान चिडीचूप. आता बरोबरीत सुटते, दोघांचीही अब्रू राहते आणि माझीही, म्हणून मी देवाचं नाव घेत होते.

आणि अगदी शेवटी कॉर्नर मिळाला पेठेला. कुरियन बॉल धरायला पुढं आला, हातमोज्यावरून बॉल निसटला आणि आमच्या गल्लीतल्या पोरानं डोकं लावलं. सगळं मैदान उभं राहिलं. टोप्या उडाल्या, शिट्ट्या, हलगी, आबा तर साठीचा माणूस पायरीवर नाचत होते. मी एकटी खाली बसून होते. तिकडं कुरियन मातीत गुडघ्यावर होता, आणि लाइनबाहेर आमचे हे घरून आणलेला चिंधीचा झेंडा अजून वर धरून उभे होते, कुणी ऑफसाइड म्हणेल या आशेनं.

आबा दम खायला खाली बसले. आजवर प्रत्येक मॅचनंतर आम्ही दोघं जसं बोलत आलो तसं माझ्या तोंडून निघालं, "आपण हरलो, आबा."

"आपण?" ते म्हणाले. "आपण जिकलो की गं."

मी त्यांच्याकडं बघितलं. मी काय बोलून गेले ते तेव्हा कुठं कळलं, आणि आता मागं घ्यावं असंही वाटेना.

"न्हाई आबा," मी म्हटलं. "तुमी जिकलासा. आमी हरलो."

आबा उठले आणि पायऱ्या उतरून निघून गेले. एसटीच्या खिडकीशी दिलेला शब्द मी भर मैदानात मोडला होता, तोही पेठ जिंकलेल्या दिवशी. मी तशीच खाली जाऊन आमच्या पोरांत बसले. कुरियन मान वर करत नव्हता.

थोड्या वेळानं आबा आले. डोक्यावर टोपी होती, जिंकल्यावर असायची तशी. हातात भडंगाची भली मोठी पिशवी. ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "खावा समद्यांनी. हरलेल्या मानसानं तिखट खावं." मी पहिली मूठ त्यांच्यापुढं केली, तर त्यांनी हात मागं घेतला. मी जिकलोय, मला चालायचं न्हाई, म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून हसले.

"लगीन होऊन किती वर्सं झाली तुला. पर सासरला आज गेलीस बघ."

मी बकाणा भरला आणि रडले, आणि रडता रडता हसायला आलं तर ठसका लागला. कुरियननं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, वहिनी, आता आम्ही कुठल्या शब्दात? मी म्हटलं, गप खा. आपण लई वाईट हरलोय. तेव्हा कुठं तो हसला, आणि परतीच्या एसटीत पिंपरीपर्यंत कुणी कुणाला झोपू दिलं नाही.

गाव सोडून आलेल्या सगळ्यांना माहेरची आठवण कशानं येते ते मला माहीत आहे. मला अजूनही रविवारी येते. पेठ जिंकली की अजून माझं पोट आपोआप भरतं. पण हरल्यावर जाऊन बसावं अशी जागा माझ्यासाठी आता त्या माळापुढचं माझंच दार आहे. गेल्या महिन्यात आबा थोडे दिवस राहायला आले. दुकान आता भाऊ बघतो. माळ पूर्वीएवढा राहिला नाही, अर्ध्यावर नव्या शेडचे खांब उभे राहिलेत, पण आमच्या पोरांना हरायला तेवढी जागा पुरते. आबांना खुर्ची टाकून दिली. शेवटच्या मिनिटाला, नेहमीप्रमाणं, गोल बसला. कुरियन आता गोलात नसतो, बाहेरून शिकवतो. तो आबांच्या शेजारी येऊन उभा राहिला. मी दारातून बघत होते. आबांनी सावकाश टोपी काढून हातात घेतली आणि त्याला म्हणाले, "आपण हरलो की रं."

मी आत जाऊन कढई चढवली.