पोटरीचं माप

नोव्हेंबरचा पहिला सोमवार. रक्कम सहाशे ऐंशी रुपये. हजर: मी, माझी धाकटी मुलगी आणि इंदापुरातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानाचे मालक, चाचा. मुलगी पोलीस भरतीसाठी पळत होती. मैदानी चाचणीला अकरा दिवस होते आणि उजवी पोटरी धरली होती. त्यासाठी काफ स्लीव्ह, म्हणजे पोटरीवर चढवायची घट्ट बाही घ्यायची होती.

चारचौघांत मुलीच्या पायाला टेप लावायला नको, म्हणून माप घरूनच नेलं होतं.

"अकरा इंच," मी चिठ्ठी पुढं केली.

"भाऊ, पोटरी हाय का मनगट? मोठी न्या."

"आकडा आणलाय, अंदाज न्हाय."

"आकडा तुमचा, पाय पोरीचा," म्हणत त्यांनी लहान मापाची दिली.

घरी ती चढवताना मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काढ म्हणालो, तर म्हणाली, "घट्टच पाहिजे, पप्पा. ढिली घालून काय उपयोग?"

गुरुवारी सकाळी ती भिंतीला धरत स्वयंपाकघरात आली. स्लीव्ह घालूनच झोपली होती. "पप्पा, काल मुंग्या येत होत्या. आता पाऊल माझं वाटतच न्हाय."

बोटं जांभळी पडली होती. बायकोनं कात्रीनं स्लीव्ह कापली. खाली पोटरीवर खोल वळ.

"किती मापाची आणली?"

"तू तेरा म्हणालीस. दोन वजा करून अकराची."

"अहो, मी वजा करूनच तेरा सांगितलं!"

तिच्या शिलाईच्या टेपचे पहिले दोन इंच कधीचेच तुटलेत. घरात जो तो मापातून दोन वजा करतो. ते आम्ही दोघांनीही केले होते.

मोटरसायकलवरून बारामतीला निघालो. दर दोन-तीन किलोमीटरला मी विचारत होतो, "बोटं हलतायत का?" ती "व्हय" म्हणायची. एकदा उत्तर आलं नाही. मी गाडी बाजूला घेतली.

"हलतायत ओ," ती रडत म्हणाली. "मी मोबाईलवर चाचणीची तारीख बघत होते."

डॉक्टरांनी हसत हसत पोटरी दाबली, पाऊल वर वाकवलं आणि हसणं थांबवलं. "रक्ताची गाठ नाही ना, ते आधी बघू. गाठ सुटली तर छातीपर्यंत जाते." त्यांनी समोरच्या सोनोग्राफी केंद्राची चिठ्ठी दिली.

मुलगी आत होती तेवढ्यात मी भिंतीवरच्या फरशा मोजल्या. तीनदा मोजल्या, तीन वेगळे आकडे आले. उभ्या आयुष्यात माझी मोजणी अशी चुकली नव्हती. तेवढ्यात दार उघडलं.

"गाठ नाही," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नस दबलीय. सहा दिवस पळायचं नाही. मग हळूहळू."

मुलीनं बोटांवर दिवस मोजले. "दोन उरतात, पप्पा."

मी खिडकीवरच्या बाईंना तपासणीचे अठराशे रुपये दिले. त्यांनी मोजून शंभराची एक नोट परत सरकवली. मी एकोणीसशे दिले होते.