वाकळीला शोभेल अशी भिंत

भिंतीला कोणता रंग द्यावा, यावरून आमच्या सेलूत कधी वाद झाला नाही. कारण रंग एकच होता : चुना. दिवाळीआधी चुना कालवायचा, कुंच्याने भिंतीला फासायचा आणि मग वर्षभर पाठ टेकली की सदऱ्यावर घेऊन हिंडायचा. (कोण कोणाच्या घरी किती वेळ बसून आला, हे त्याच्या पाठीवरून कळे.) ही सुखाची व्यवस्था बिघडवायला एक पदवीधर लागला. तो मी.

मी हैदराबादेहून बी.ए. होऊन आलो. आमच्या घराण्यात सही करणारे पहिले गृहस्थ म्हणजे माझे वडील, दादा. ते जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्या मोजत. अंगठ्याच्या घराण्यातून त्यांनी मला कॉलेजात धाडलं, हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. दादांनी तर सेलू स्टेशनावर उतरणाऱ्या एकाही माणसाला ते विसरू दिलं नाही.

"लेक बी.ए. हाय माझा. काहीबी इचारा त्याला!"

लोक विचारत. बहुतेक जण एकच विचारत, "नोकरी कवा लागायली?"

पण नोकरीहून मोठा प्रश्न बायकोचा होता. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि मी शिकत असल्यामुळे गिरिजा पाथरीला माहेरीच होती. आता तिला नांदायला आणायचं होतं. माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा निरोप आला : "शुक्रवारी लेकीला घेऊन येतो. आधी खोली बघतो. मनाला आली तर लेक ठेवतो, न्हाई तर आखाड झाल्यावर बघू." शिकलेल्या माणसाला संसार जमत नाही, असं आप्पांचं ठाम मत होतं. ते बदलण्याची संधी ते कोणाला देत नसत.

निरोपाबरोबर गाडीवानाच्या हाती एक वाकळ आली. गिरिजाने दोन वर्षं बसून शिवलेली! काठाला हिरवे-जांभळे तुकडे आणि मधोमध तिचं हळदीचं लुगडं. हळद लागताना नेसलेलं, हळदीच्याच पाण्यात रंगवलेलं, पिवळंधमक. ती पाहून मी गहिवरलो. नुसता गहिवरून थांबलो असतो तर सगळ्यांचं भलं झालं असतं. पण मला हैदराबादेतल्या एका वर्गमित्राचं घर आठवलं. त्याच्या निजायच्या खोलीत रजई फिकी हिरवी होती आणि भिंतही फिकी हिरवी. सुधारलेली माणसं अशी राहतात, हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं होतं.

"माय, खोलीला वाकळीला शोभेल असा रंग द्यायचाय."

"भिंत काय वाकळ पांघरणार हाय?"

"तसं नाही गं. रंगसंगती म्हणतात त्याला."

"म्हणू दे. दिवा इझला की सगळ्याचा रंग एकच असतोय."

दादा म्हणाले, "शिवा शिवा! भिंत कशी इभूती लावल्यावानी पांढरी पाहिजे." मग थांबून म्हणाले, "पण तू म्हणतोस तर असंल. बी.ए. हायस." (या एका वाक्याने आमच्या घराचं जेवढं नुकसान केलं, तेवढं उंदरांनीही केलं नसेल.)

चुन्यात पिवडी, म्हणजे पिवळी माती कालवली की पिवळा रंग होतो, हे मला ऐकून ठाऊक होतं. पण दिवस लढाईचे. दुकानदार म्हणाला, "पिवडी येईनाच झालीय. नीळ न्या, गेरू न्या." मी परत फिरलो आणि तर्काने विचार केला. (तर्कशास्त्र हा माझा बी.ए.चा विषय.) वाकळ पिवळी कशाने? हळदीने. मग भिंत पिवळी कशाने होईल? प्रश्न सुटला! एवढी सोपी गोष्ट आजवर कोणाला सुचली नव्हती, म्हणून मला सेलूची कीव आली.

गुरुवारी माय शेजारी पापड लाटायला गेली. मी तिच्या डब्यातली दोन शेर हळद काढली आणि खोलीचं दार लावून घेतलं. बादलीतल्या चुन्यात मूठभर हळद टाकली. चुना लाल झाला.

मी विचार केला : लाल दिसतोय, म्हणजे हळद कमी पडली. आणखी टाकली. आणखी लाल झाला. एवढ्या तेवढ्याने तर्क सोडणाऱ्यांतला मी नव्हतो. उरलेली सगळी ओतली!

ओला चुना खरा रंग दाखवत नाही, वाळल्यावर दाखवतो, हे मात्र सगळ्या सेलूला ठाऊक होतं. त्या भरवशावर मी एक आख्खी भिंत रंगवली. आता खोलीत कोणाचा तरी मुडदा पडला असून पोलीस पाटील यायचाच तेवढा बाकी आहे, असा देखावा झाला. पिवळ्यापासून आपण नेमके किती दूर आहोत, हे पाहायला मी वाकळ आणली आणि भिंतीला लावून धरली. ओल्या भिंतीला. (होय.)

हळदीच्या लुगड्यावर पंजाएवढा लाल डाग पडला. दोन वर्षांच्या टाक्यांवर! पण डाग सोड्याने निघतो, एवढं व्यवहारज्ञान मला होतं. मी कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकला आणि त्यात वाकळ बुडवली. डाग कुठे गेला ते दिसेनासं झालं. कारण आता आख्खं लुगडंच लाल झालं होतं! अखेर रंगसंगती साधली. वाकळ भिंतीला तंतोतंत शोभत होती.

मी ती अंगणात दोरीवर टाकत असताना माय आली.

"काय करायलास रे?... आगं बाई! अरे, कुंकू कशाचं करतेत?"

"मला नाही ठाऊक."

"हळदीला चुना लागला, सोडा लागला की लालच व्हतंय! शेंबडं पोरगंबी जाणतंय! कुठाय माझी हळद?"

मी खोलीच्या उघड्या दारातून भिंतीकडे बोट दाखवलं. मागून दादा आले. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बी.ए.त हे शिकवत न्हाईत?"

"नाही दादा."

"मग काय शिकवतेत?"

याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. तेव्हा तर वेळच मिळाला नाही, कारण दारात छकडा थांबला. आप्पा!

"गुरुवार बरा म्हणून आजच आलाव. कुठाय खोली?"

आप्पा पाय धुवायला गेले. त्यांच्यामागून उतरलेली गिरिजा दोरीपाशी थबकली. तिचा चेहरा पाहून मला पुन्हा हैदराबादला जावंसं वाटलं. पायी.

"सोड्यात घातली?" दोन वर्षांनी बायको माझ्याशी बोलली ते हे दोन शब्द.

"आधी चुन्यात," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"आत्याबाई, लिंबू हाय का?"

मायने लिंबू दिलं. गिरिजाने ते चिरून वाकळीवर पिळलं. जिथे थेंब पडला, तिथे लुगडं पुन्हा पिवळं! मी ओरडलो, "चमत्कार!"

"हळद हाय," ती म्हणाली. "आणखी चार लिंबं लागतील."

वाकळ वाचली. पण भिंतीला पिळायला गावातली लिंबं पुरली नसती, आणि आप्पा तर खोलीच्या उंबऱ्यात पोचलेही होते. ते भिंतीकडे बघत राहिले. दादा माझ्याकडे. मी जमिनीकडे.

"ह्ये काय?"

मग पदराआडून गिरिजाच म्हणाली, "आप्पा, कुंकवाची भिंत हाय ती. नव्या सुनेसाठी केली. चुन्याची तर समदेच करतेत."

आप्पांनी भिंतीवरून बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"खरीच हळद घातली? किती?"

"दोन शेर," माय म्हणाली. तिने डोळ्यांना पदर लावला. (सुनेच्या मायेने, असं आप्पांना वाटलं.)

"सुनेसाठी दोन शेर हळद! जावईबापू, ह्ये तुमच्या डोक्यातून निघालं?"

"हो," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

"मग शिकून अगदीच वाया गेला न्हाईत म्हणायचं."

लेक राहिली. भिंतीनेही मान ठेवला. पावसाळा सरेपर्यंत ती आपोआप उतरत उतरत पिवळसर झाली, म्हणजे मला हवी होती तशीच! नुसता दम धरायचा होता. पण तोही बी.ए.ला नव्हता.

पुढे मला इथल्या शाळेत नोकरी लागली. तर्कशास्त्राला जागा नव्हती, सायन्सला माणूस नव्हता, म्हणून मी सायन्सचा मास्तर झालो. तपासणीला तालिमाचे, म्हणजे शिक्षणखात्याचे साहेब आले, तेव्हा मी हळदीच्या पाण्यात चुना टाकला, लाल केलं, लिंबू पिळलं, पिवळं केलं. साहेब प्रयोगावर खूष झाले.

"वाह मास्टर! ये तजरबा किदर सीखे आप?"

"घर में, साहब," मी म्हणालो. "बी.ए. होने के बाद."