माळ्यावरची नावं

मैत्रिणींनो, पाडवा तोंडावर आलाय, खिडकीबाहेर कडुनिंब फुललाय, म्हणून आज सकाळी जोशात माळा आवरायला काढला. लग्नातली स्टीलची भांडी मोडीत देऊन जागा मोकळी करायची, एवढाच बेत होता.

पण आमच्याकडे आहेराच्या प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. मी एकेक खाली काढत होते आणि सासूबाई नाव वाचून परत वर ठेवायला लावत होत्या.

"हाई पातेलं कळसाडीना मामानी दिधेल शे. ऱ्हाऊ दे."

कळसाडी गावचे हे मामा जाऊन दहा वर्षं झाली. पातेलं गेलं वर. दुपारपर्यंत घराबाहेर निघाला फक्त एक तुटका झारा.

मग आठवलं, माझी कॉलेजची बॅडमिंटनची रॅकेटही इथेच होती. या दिवसांत संध्याकाळी अंगणात लेकीबरोबर खेळता आलं असतं. विचारलं, तर सासूबाई सहज म्हणाल्या, "ती ते मी भंगारमा दी टाकी. तिनावर कोनं नाव व्हतं?"

खरंच नव्हतं. स्टुलावर उभं राहून मी माळ्यावरची सगळी भांडी पुन्हा वाचली. माझ्या माहेरून आलेल्या कळशीवर वडिलांचं नाव आहे आणि जावयाचं.

तुमच्या घरात तुमच्या नावाचं एखादं भांडं आहे का? असेल तर फोटो टाका. मला नुसतं बघायचंय.