शनिवारी जळगावात राहिलेलं कॅबिनेट

"दिवाळीला येईन की नाही, नक्की नाही," असं मिनूचं पत्र आलं आणि मी जळगावला जायचं ठरवलं. या दोन गोष्टींचा संबंध काय, ते सांगते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्यात एका शाळेत शिकवत होते. मिनूचे बाबा जाऊन चार वर्षं झाली होती आणि मिनू, माझी एकुलती एक, पुण्याला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. घरात दोन खोल्या आणि मी. तिने लिहिलं होतं, मैत्रिणीकडे कॉम्प्युटर आहे, सुट्टीत तिथेच राहून सगळ्याजणी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळणार आहेत. पत्राच्या मागच्या बाजूला तिने एक यादी केली होती: स्वतःचा कॉम्प्युटर कधी जोडलाच, तर त्यात कुठला भाग कसा असावा. मी ती वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली. नन्सच्या शाळेत शिकल्याची सवय. जे कळत नाही, ते आधी नीट लिहून काढायचं.

शनिवारी रजा टाकून सकाळी सातच्या एसटीत बसले. पारोळा, एरंडोल करत जळगावला पोचायला अडीच तास लागायचे, खड्डे जास्त असतील तर तीन. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. शेजारची जागा जळगावपर्यंत रिकामी राहिली, तरी मी पर्स मांडीवरच धरून होते. पस्तीस हजार होते त्यात. त्यावर एक रुपया नव्हता.

स्टेशनजवळच्या मार्केटमध्ये दुसऱ्या मजल्यावर प्रकाशभाऊंचं दुकान होतं. आमच्या शाळेच्या क्लार्कने पत्ता दिला होता. आत दाटीवाटीने खोकी आणि कोपऱ्यात खुर्चीवर त्यांची आई, कापसाच्या वाती वळत बसलेली. भाऊंनी माझी यादी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, यात तर ग्राफिक कार्ड लिहिलंय. पेपर टाइप करायला ते कशाला?"

"गेम खेळायचाय."

"कोण खेळणार?"

मुलीला घरी आणायला आमिष घेते आहे, हे परक्या माणसाला कसं सांगायचं? "मी," म्हणाले.

भाऊ हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी दुकानातल्या मशीनवर शर्यत लावून दिली. माझी गाडी पहिल्याच वळणावर भिंतीत गेली. "ब्रेक कुठंय?" मी विचारलं. "ब्रेक कोणीच दाबत नाही, मॅडम!"

मग आम्ही एकेक भाग निवडत गेलो. प्रोसेसर यादीतल्यापेक्षा एक पायरी खालचा. रॅम बत्तीस एमबी, "चौसष्ट नंतर वाढवा." पंधराऐवजी चौदा इंची मॉनिटर. तरी एका गोष्टीवर गाडी अडली. मोडेम किंवा ग्राफिक कार्ड, दोन्ही पैशांत बसत नव्हतं.

"मुलगी पुण्यात ना? तुमचे क्लार्क म्हणाले. मोडेम घ्या. रोज ई-मेल येईल."

"पत्र येतंच हो भाऊ," मी म्हणाले. "कार्ड द्या."

तेव्हा कोपऱ्यातल्या आजी पहिल्यांदा बोलल्या. "मंग पोर कव्हय येई?" पोर कधी येणार? त्यांना सगळं कळलं होतं.

दुपारी स्टँडसमोर शेवभाजी खाल्ली. जळगावला गेलात तर जरूर खा, पण तिखट कमी सांगा. डोळ्यांत पाणी आलं तरी कोणी विचारत नाही, हा त्यातला फायदा.

परत आले तेव्हा सामान बांधून तयार होतं. भाऊ सगळे भाग बसवायचं पत्र्याचं कॅबिनेट उचलणार, एवढ्यात आजी म्हणाल्या, "आज शनवार शे ना वं माय. लोखंड घर लई जाशी?"

शनिवारी लोखंड घरी नेत नाहीत. नन्सच्या शाळेतल्या सिस्टर असल्या गोष्टींना हसायला शिकवत, आणि मी जन्मभर हसत आले होते. पण त्या दिवशी मिनूचं येणं इतकं अधांतरी होतं, की त्याला जरासुद्धा धक्का नको होता. "कॅबिनेट राहू दे," मी म्हणाले.

"अहो मॅडम, वीज देणारा डबा त्याच्यातच आहे! मशीन सुरू कसं होणार?"

"राहू दे."

परतीच्या एसटीत मॉनिटरचं खोकं खिडकीशी ठेवलं. कंडक्टर म्हणाला, "अक्का, टीव्हीला खिडकी दिली, त्याचं अर्धं तिकीट लागंल!" सगळी गाडी हसली. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी मला सोबत होती, सामानाची का होईना.

रविवारी मिनूचा फोन आला. मी सगळं सांगितलं. पलीकडून किंकाळी आली. "आई! मदरबोर्ड आहे? कार्डसुद्धा? कशालाही हात लावू नकोस. मी येते, मी जोडणार!"

ती आली. बुधवारी आम्ही दोघी जळगावला जाऊन कॅबिनेट आणलं. या वेळी शेजारची जागा भरलेली होती. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून दोन दिवस तिने मशीन जोडलं. प्रत्येक भाग माझ्या हातात देऊन नाव सांगायची. रॅमची पट्टी तिने माझ्याकडून बसवून घेतली. दोन्ही बाजूंचे चिमटे तिच्या खाचांत बसून टक् वाजले पाहिजेत, म्हणाली. गेम ती जेमतेम एक संध्याकाळ खेळली. तिला जोडण्यातच मजा होती, हे मला तेव्हा कळलं. भाऊबीजेनंतर ती गेली.

उन्हाळ्यात ती आली नाही. मशीन पूर्ण होतं, उत्तम चालत होतं, त्यात जोडायचं काहीच राहिलं नव्हतं.

कबूल करते, एका दुपारी मी कॅबिनेट उघडलं आणि ते चिमटे सैल केले. मिनूला फोन लावला. "बिघडलंय गं. नुसतं बीप बीप वाजतंय."

"रॅम सैल झाली असेल. चिमटे दाब, मी दाखवले होते तसे." दाबले. टक्, टक्. "झालं ना सुरू? बघ, तुझं तुलाच जमतं. त्यासाठी मी यायला नको."

आता जळगावच्या त्या रस्त्यावर गाडी कुठे हिसकासुद्धा देत नाही. मिनू परदेशात आहे, दर रविवारी पडद्यावर दिसते. ते मशीन मी केव्हाच भंगारात दिलं, वार बघून. त्यातली रॅम तेवढी काढून शिवणाच्या डब्यात ठेवली आहे. तिच्या दोन्ही टोकांना खाचा आहेत. चिमटे मशीनबरोबर गेले.